खाक्यावरचं नाव आणि टाक्यावरचं नाव

गेल्या भागात आपण नऊवारीच्या काठांबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा लांबचा आहे. चर्चमधल्या कापडांसाठी, म्हणजे वेदीच्या पडद्यांसाठी आणि धर्मगुरूंच्या झग्यांसाठी, नक्षीची जी चित्रं काढली जातात त्यांचा हा इतिहास आहे. आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. हातात सुई-दोरा धरणाऱ्या प्रत्येक बाईचा संबंध आहे. शिवाय ही गोष्ट इंग्लंडमधून निघून आपल्या कोशापर्यंत येते, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

आधी वस्तू कोणत्या ते समजून घेऊ. चर्चमध्ये समोर उंच टेबलासारखा जो पवित्र भाग असतो, त्याला वेदी म्हणतात. गोव्या-वसईकडे आल्तार म्हणतात. या वेदीच्या दर्शनी बाजूला जमिनीपर्यंत सोडलेलं कापड म्हणजे वेदीवस्त्र. ते वर्षभर एकच नसतं. नाताळ आणि ईस्टरला पांढरं किंवा सोनेरी, उपवासाच्या काळात जांभळं, हुतात्म्यांच्या दिवशी लाल, आणि एरवीच्या दिवसांत हिरवं. म्हणजे एका वेदीला निदान चार जोड लागतात. त्यात धर्मगुरूंचे झगे, प्रवचनाच्या जागेवरचा पडदा, मिरवणुकीतले झेंडे, गुडघे टेकायच्या उशा धरा. एका चर्चमध्ये भरतकाम करणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं पुरेल एवढं काम असतं.

आता हे काम सुरू कसं होतं? कापडावर नाही, कागदावर. पहिलं चित्र लहान असतं, रंगवलेलं. ते धर्मगुरूंना किंवा चर्चच्या मंडळाला दाखवायचं आणि मंजूर करून घ्यायचं. मग दुसरं चित्र काढायचं, मापाबरहुकूम. वेदीवस्त्र तीन-सव्वातीन फूट उंच आणि सहा-आठ फूट रुंद असेल, तर कागदही तेवढाच. हा खरा खाका. त्याच्या रेघांवर सुईने बारीक बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर पसरायचा आणि कोळशाची किंवा खडूची पूड भरलेली पुरचुंडी वरून आपटत न्यायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटते. मग बारीक कुंचल्याने ते ठिपके जोडायचे. आपल्याकडे रॉकेलमध्ये नीळ कालवून टोचलेल्या कागदावर बोळा फिरवतात, तीच ही युक्ती. ती कुणी कुणाकडून शिकलं हे शोधायला नको. जिथे भरतकाम आहे तिथे टोचलेला कागद आहेच.

पण खाका सगळं सांगत नाही, हे भरणारीलाच माहीत असतं. चित्रात कमळाची पाकळी म्हणजे दोन रेघा. त्या पाकळीत टाके उभे घालायचे की आडवे, हे कागदावर नसतं. रेशमाची चमक टाक्याच्या दिशेवर असते. दिशा बदलली की तोच धागा गडद दिसतो किंवा फिका. चित्रकार 'लाल' लिहून मोकळा होतो, पण पेटीतल्या सात लालांपैकी कोणता आणि शेजारी कोणता, हे बाई ठरवते. सोन्याची जर तर कापडातून आरपार ओढताच येत नाही, ती खराब होते. ती कापडावर मांडून वरून बारीक रेशमी धाग्याने अडकवत न्यावी लागते. ते अडकवण्याचे टाके कुठे घ्यायचे, यावर सोन्याची लकाकी ठरते. तेव्हा वेदीवस्त्रावर जे दिसतं ते अर्धं चित्रकाराचं आणि अर्धं भरणारीचं असतं. इतिहासात मात्र दोघांना सारखी जागा मिळालेली नाही. आज आम्हाला सांगायचं आहे ते हेच.

फार जुनी गोष्ट घेऊ. इटलीत चेन्निनो चेन्निनी नावाचा चित्रकार होता. साधारण १४०० च्या सुमारास त्याने चित्रकारांसाठी एक पुस्तक लिहिलं. भरतकाम करणाऱ्यांसाठी चौकटीवर ताणलेल्या कापडावर चित्र कसं काढायचं, आधी कोळशाने आणि मग शाईने, हे त्यात सांगितलं आहे. म्हणजे चित्र एकाने काढायचं आणि भरायचं दुसऱ्याने, ही वाटणी सहाशे वर्षांपूर्वीही ठरलेली होती.

त्याही आधी इंग्लंडचं भरतकाम युरोपभर गाजत होतं. त्याला 'ओपस अँग्लिकानम', म्हणजे 'इंग्लंडचं काम', असंच म्हणत. १२४६ साली चौथे इनोसंट पोप यांनी इंग्लंडच्या धर्मगुरूंच्या अंगावरची जरीकामाची वस्त्रं पाहिली आणि तशी आपल्यालाही पाठवा म्हणून मागणी केली. त्या काळातला सायन मठाचा म्हणून ओळखला जाणारा झगा आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अशा कामांपैकी बहुतेक कुणी भरली हे माहीत नाही. एक नाव मात्र राजाच्या हिशेबाच्या कागदांत सापडतं: बरी सेंट एडमंड्स गावची मेबल. तिसऱ्या हेन्री राजाने १२३९ पासून तिच्याकडून चर्चची वस्त्रं भरून घेतली. पुढे १२५६ मध्ये राजा तिच्या गावी गेला, तेव्हा तिला अंगरख्यासाठी कापड आणि सशाच्या फरचं अस्तर द्यायचा हुकूम केला. तिचं म्हणून ओळखता येईल असं एकही काम आज उरलेलं नाही. उरली ती हिशेबातली नोंद. बघा, वहीत नाव असणं म्हणजे काय असतं. कापड गेलं, पण मेबल राहिली.

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजांनी रोमच्या पोपशी नातं तोडलं आणि चर्चमधली सजावट काढून टाकायचे दिवस आले. झगे आणि पडदे जप्त झाले, फाडले गेले. जरीतलं सोनं काढण्यासाठी काही जाळले गेले, काहींच्या पलंगाच्या चादरी झाल्या. पुढे अडीच-तीनशे वर्षं चर्चच्या भरतकामाची ती मोठी परंपरा मोडल्यासारखीच होती.

एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा उभी राहिली. चर्च बांधणाऱ्या वास्तुकारांना वाटू लागलं की भिंती जुन्या पद्धतीच्या बांधल्या तर पडदेही तसेच हवेत. ऑगस्टस प्युजिन या वास्तुकाराने १८४४ मध्ये चर्चच्या नक्षीवर आणि वस्त्रांवर एक मोठं सचित्र पुस्तक काढलं. त्यातले रंगीत नमुने पुढे कितीतरी जणांनी वापरले. जॉर्ज एडमंड स्ट्रीट, ज्यांनी पुढे लंडनच्या उच्च न्यायालयाची प्रसिद्ध इमारत बांधली, तेही चर्चसाठी भरतकामाचे खाके काढत. १८७४ मध्ये तर बॉडली, गार्नर आणि धाकटे स्कॉट या तीन वास्तुकारांनी मिळून चर्चच्या कापडांची वॉट्स अँड कंपनी सुरू केली.

खाके झाले, पण भरणार कोण? इथे बायका येतात. १८५४ मध्ये अ‍ॅग्नेस ब्लेन्को आणि स्ट्रीट यांची बहीण यांनी मिळून चर्चच्या भरतकामासाठी महिलांची एक संस्था काढली. जुन्या नमुन्यांवरून किंवा वास्तुकारांच्या खाक्यांवरून वेदीवस्त्रं भरायची, चर्चने फक्त सामानाचे पैसे द्यायचे, मजुरी घ्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. पुष्कळ पुस्तकांत या दुसऱ्या बाईंचा उल्लेख नुसता 'स्ट्रीटची बहीण' असाच सापडतो. संस्था काढली त्या बाईची ही गत, तर तिथे बसून टाके घालणाऱ्यांची काय असेल?

मजुरी न घेण्याबद्दल थोडं थांबून बोलू. या बायका खात्यापित्या घरच्या होत्या. त्यांच्यासाठी ही सेवा होती, आणि श्रद्धेने केलेल्या सेवेला नाव ठेवायचं आम्हाला कारण नाही. पण गावात एकीने फुकट भरून दिलं की पोटासाठी भरणाऱ्या दुसरीला दर मागणं अवघड होतं. हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. त्याच इंग्लंडमध्ये १८७२ साली भरतकामाची एक शाळा निघाली. पुढे तिला राजघराण्याचं नाव मिळालं. सुशिक्षित पण आधार नसलेल्या बायकांना पगारी काम मिळावं, हा तिचा उघड हेतू होता. सुरुवातीला तिथे वीस बायका होत्या. आपला एखादा ग्रामसंघही एवढ्याशाच सुरुवातीतून उभा राहतो.

याच काळात वाँटेज नावाच्या गावात ख्रिस्ती भगिनींचा एक मठ १८४८ मध्ये सुरू झाला. त्यांच्या मठाची इमारत याच स्ट्रीट यांनी बांधली, आणि चर्चच्या भरतकामासाठी त्या भगिनी पुढे नावाजल्या. हे गाव आपल्या इतिहासातही आहे. या मठाच्या भगिनी पुण्यात काम करत होत्या. त्यांच्याच ओळखीने पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजलाच राहिल्या. बायकांनी शिकावं, हाताने कमवावं, कुणावर भार होऊ नये, हे रमाबाईंनी पुढे आपल्याकडे किती जिद्दीने उभं केलं, ते वेगळं सांगायला नको.

आता कोशाकडे येऊ. इंग्लंडमध्ये लीक नावाचं रेशमाच्या धंद्याचं एक गाव आहे. तिथे थॉमस वॉर्डल नावाचे रंगारी होते. त्यांना हिंदुस्तानातल्या टसर रेशमाचं, म्हणजे आपल्या कोशाचं, वेड लागलं होतं. आपल्या भंडारा-गडचिरोलीत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा कसा होतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार? त्याचा धागा मुळात तपकिरी असतो आणि रंग सहजासहजी धरत नाही. वॉर्डल यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून कोशावर चांगले रंग बसवले आणि १८७८ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ते कापड मांडलं. १८८५-८६ मध्ये ते रेशमाचा अभ्यास करायला हिंदुस्तानातही येऊन गेले. विल्यम मॉरिससारखे नामवंत कलावंत त्यांच्याकडे रंगकाम शिकायला जात.

थॉमस यांच्या पत्नी एलिझाबेथ वॉर्डल. चौदा मुलं झालेली ही बाई. त्यातली पाच तिच्यादेखत गेली. १८७९ च्या सुमारास तिने गावातल्या बायकांना घेऊन लीक भरतकाम मंडळ सुरू केलं. नवऱ्याच्या कारखान्यातला कोसा, तिथेच रंगवलेले रेशमी धागे आणि गावातल्या बायकांचे हात. काही कामांत कोशावर हिंदुस्तानी धाटणीचे ठसे छापून घ्यायचे आणि त्या छाप्यावरूनच रेशमाने भरत जायचं, कडेला सोनेरी धागा. चर्चच्या मोठ्या कामांसाठी मात्र वास्तुकार खाके काढून देत: जॉन सेडिंग, नॉर्मन शॉ, जेरल्ड हॉर्सली. शॉ यांनीच बांधलेलं ऑल सेंट्स चर्च १८८७ मध्ये लीकमध्ये उभं राहिलं. लीकच्या चर्चमध्ये ही वेदीवस्त्रं मोठ्या मानाने जपलेली आहेत. कोणता खाका कोणत्या वास्तुकाराचा, हे बहुतेक ठिकाणी सांगता येतं. कोणतं फूल कोणत्या बाईच्या हातचं, हे सांगता येणं मात्र फार विरळा.

आणि याच बायकांनी आणखी एक काम केलं. फ्रान्समधल्या बायो गावात साधारण सत्तर मीटर लांबीची, अकराव्या शतकातली एक भरतकामाची पट्टी आहे. इंग्लंडवरच्या स्वारीची सगळी कथा तिच्यावर आहे. लंडनच्या संग्रहालयात वॉर्डल पतिपत्नींनी तिची रंगीत छायाचित्रं पाहिली. एलिझाबेथने ठरवलं, अशीच पट्टी आपण भरायची. छायाचित्रांवरून खाके उतरवून घेतले, वॉर्डलच्या कारखान्यात लोकर रंगवली, आणि १८८५-८६ मध्ये पस्तीसच्या वर बायकांनी मिळून वर्षभरात ती पट्टी पुरी केली. मूळ पट्टीत काही माणसं उघडी दाखवलेली आहेत. संग्रहालयाच्या छायाचित्रांत कुणीतरी आधीच त्यांना झाकून ठेवलं होतं, म्हणून लीकच्या पट्टीत त्यांच्या अंगावर कपडे आले! खाका देईल तेच कापडावर उतरतं, त्याचा हा नमुना. पुढे १८९५ मध्ये रेडिंग शहराच्या एका माजी महापौरांनी ती तीनशे पौंडांना विकत घेऊन शहराला दिली. आजही ती तिथल्या संग्रहालयात लोक पाहतात.

पण आम्हाला तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट नक्षीत नाही. प्रत्येक बाईने आपण भरलेल्या तुकड्याच्या खाली आपलं नाव भरलं आहे. मूळ पट्टी भरणाऱ्यांचं एकही नाव कुणाला माहीत नाही. लीकच्या बायकांची नावं सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरही वाचता येतात.

मग त्याच बायकांची नावं वेदीवस्त्रावर का नाहीत? देवाच्या कामात आपलं नाव कशाला, असं त्यांना वाटलं असणार. हा विचार आपल्यालाही परका नाही. पण आपल्याच देवळात बघा. पायरीवर देणाऱ्याचं नाव असतं, घंटेवर असतं, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा असतं. गाभाऱ्याचा पडदा भरणारीचं नसतं. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात रेशमी आणि जरीकामाची जुनी वस्त्रं ठेवलेली आहेत. ती पाहतानाही हाच प्रश्न मनात येतो. म्हणजे नम्रतेचा नियम सगळ्यांना सारखा नव्हता. पैसा देणाऱ्याला आणि चित्र काढणाऱ्याला त्यातून सूट होती.

आणखी एका बाईचं सांगतो आणि मग आपल्याकडे वळतो. विल्यम मॉरिस यांची मुलगी मे. १८८५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिने वडिलांच्या कंपनीचा भरतकाम विभाग हाती घेतला. ती खाके काढायची, भरायची, दुसऱ्या बायकांना पगारावर काम द्यायची. १८९३ मध्ये तिने भरतकामावर पुस्तकही लिहिलं. लंडनच्या एका चर्चसंस्थेसाठी फिलिप वेब या वास्तुकाराने खाका काढलेलं आणि मेने भरलेलं वेदीवस्त्र आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, दोघांच्याही नावांनी. पण एवढी मोठी कलावंत असूनही तिचे स्वतःचे काही नमुने पुष्कळ काळ वडिलांच्याच नावावर खपले. कलावंतांच्या मोठ्या मंडळात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून १९०७ मध्ये तिने इतर जणींबरोबर बायकांचं वेगळं मंडळ काढलं.

आता आपलं बघू. आमच्या प्रभागातले सहा गट कोशाच्या ओढण्या आणि पडदे भरतात. बहुतेक वेळा खाका व्यापाऱ्याकडून येतो, काम झालं की कागद परत जातो, आणि ओढणीवर चिठ्ठी लागते ती दुकानाची. मागच्या वर्षी याहून वाईट झालं. गटातल्या एका मुलीने मोहाच्या पानाफुलांचा स्वतःचा खाका काढला होता. एका व्यापाऱ्याने तो नमुना म्हणून नेला आणि पुढच्या हंगामात तीच नक्षी दुसरीकडून कमी दरात भरून घेतली. ती बाजारात पाहिली तेव्हा आमची मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, ही माझीच आहे, पण आता म्हणू कशी?" कागद त्याच्याकडे होता.

त्यावर आम्ही भांडत बसलो नाही, वही घातली. नवीन काम आलं की पाच गोष्टी लिहायच्या. खाक्याचा फोटो किंवा नक्कल. खाका कुणी काढला. कापडावर कुणी उतरवला. कोणता भाग कुणी भरला. आणि तास किती, दर काय. ओढणीच्या आतल्या शिवणीत, जिथे बाहेरून दिसत नाही, तिथे भरणारीच्या नावाची दोन अक्षरं. आणि गटाच्या चिठ्ठीवर, खाका काढणारी आणि भरणारी, अशी दोन्ही नावं. सरसच्या स्टॉलवर गिऱ्हाईक ती चिठ्ठी वाचतं, नाव विचारतं, आणि त्या नावाशी बोलताना दराची घासाघीस जरा कमी करतं. काही व्यापारी नावाची चिठ्ठी नको म्हणतात. तेव्हा आम्ही चिठ्ठी काढतो, पण वहीतली नोंद आणि आतली अक्षरं काढत नाही.

तुमच्याही घरात, ट्रंकेत कुठेतरी, आईने किंवा आजीने टोचलेले जुने खाके असतील. पिवळे पडलेले, निळीचे डाग लागलेले. पुढच्या मासिक बैठकीला ते घेऊन या. कुणी काढले, कुणी भरले, जेवढं आठवतं तेवढं त्याच कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहू. आठवणाऱ्या बायका अजून आहेत, तोवरच हे होणार आहे.

पुढच्या भागात आपण नैसर्गिक रंगांबद्दल बोलू, पळसापासून सुरुवात करून. तोवर नमस्कार.